मढला जाण्यापूर्वी तिथी पाहावी

मुंबईकर सुट्टीचा वार पाहून मढ या मालाडजवळच्या किनाऱ्यावरील कोळी गावाला जातात, परंतु मासे चाखायला आणि विकत घ्यायला जायचे असेल, तर पंचांगातील तिथी पाहून निघणे अधिक योग्य ठरते. येथील बोंबील, जवळा आणि करदी प्रामुख्याने डोल जाळ्यात सापडतात. पिशवीच्या आकाराचे हे जाळे खुंटांना बांधून एका जागी ठेवलेले असते आणि पाण्याच्या ओढीनेच मासळी त्यात शिरते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत जाळी भरतात, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत ओढ मंदावून मासळी कमी मिळते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीच्या अपेक्षेने जाऊ नये.

अंधेरीकडून येणाऱ्यांनी वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडावी. मालाडहून मार्वे रस्त्यानेही जाता येते, पण तो वळसा मोठा आहे. दोन्ही तीरांवर कोळीवाडे असल्याने बोटीतून नांगरलेल्या होड्या जवळून पाहता येतात, हे मला विशेष मोलाचे वाटते.

पावसाळा सरल्यावर बांबूच्या वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवण्याच्या मांडणीवर, बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले दिसतात. ती कोणाच्या तरी वर्षभराच्या कमाईची जागा आहे. तिच्याखालून वाकून जाऊ नये, आणि काम करणाऱ्या मावशींना विचारल्याशिवाय छायाचित्र तर मुळीच काढू नये.

मासळी घेताना भाव किलोचा आहे की वाट्याचा, हे आधी विचारावे. डोळे स्वच्छ व फुगीर आणि कल्ले लालभडक असलेला मासा ताजा समजावा. तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण त्याने अजून अंडी घातलेली नसतात. ताजा बोंबील अतिशय पाणीदार असतो. घरी आणल्यावर तो मधोमध चिरून, मीठ लावून, पाट्याखाली अर्धा तास दाबून ठेवावा आणि मगच मसाला व तांदळाचे पीठ लावून तळावा, अन्यथा तो तव्यावर मोडतो. सोबत बर्फाचा डबा न्यावा, आणि सुकी मासळी घेतल्यास ती वेगळ्या, घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवावी, कारण परतीच्या बोटीत इतरही प्रवासी असतात.