अकरावीची शिष्यवृत्ती: आधी कागद, मग अर्ज

मुलांनो, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणीला माझ्याच टेबलावर येतात. हक्काचे पैसे एका कागदापायी अडले की जीव तुटतो, म्हणून हे सांगते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून मिळते. त्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. इतर प्रवर्गांच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, बघा, प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत.

दहावीचा निकाल लागला की पहिलं काम उत्पन्नाच्या दाखल्याचं. रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा पुरावा घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार दाखला ठरलेल्या मुदतीत मिळायलाच हवा. नाही मिळाला तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. कोणी तुमच्यावर उपकार करत नाहीये, हे लक्षात ठेवून बोला. नम्रपणे, पण ठामपणे. जातीचा दाखला नसेल तर त्याचाही अर्ज त्याच फेरीत टाका.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. पासबुकाला आधारची झेरॉक्स जोडली म्हणजे खातं शिष्यवृत्तीसाठी तयार झालं, असं नाही. सरकारी अनुदान आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात येतं, आणि ते खातं कोणतं हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. तिथे ‘ॲक्टिव्ह’ दिसत नसेल तर बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा, म्हणजे आधार खात्याशी जोडण्याचा, फॉर्म भरा. जुनंच खातं दिसत असेल तर ते चालू आहे ना, एवढं बघा.

अर्ज सायबर कॅफेत भरलात तरी मोबाइल नंबर घरचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर टाकलात तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाला त्याच्या मागे फिरावं लागतं. पासवर्ड वहीत लिहा.

अर्ज पाठवल्यावरही दर आठवड्याला लॉगिन करून बघा. त्रुटी निघाली की आम्ही अर्ज परत पाठवतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही, तर तो तिथेच पडून राहतो.

आणि धाकटं भावंड आठवीला असेल, शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर त्याला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा.