या चुका टाळा: नाण्यांच्या सेटचा खोका फाटला की लगेच 'दुरुस्ती'ला बसू नका

खोका चेपला किंवा कव्हर फाटलं की लोकांचे हात शिवशिवायला लागतात. माझा अनुभव असा, की चेपलेल्या खोक्यापायी जेवढी किंमत जाते त्याच्या कितीतरी पट तो 'नीट' करण्याच्या नादात जाते. टाकसाळी संग्राहकांसाठी खोक्यात घालून विकतात ते प्रूफ (आरशासारख्या चकचकीत नाण्यांचे) आणि यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न वापरलेल्या नाण्यांचे) सेट हाताळण्यात बरीच वर्षं गेली, तेच तेच घोटाळे बघून वीट आला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी बघा, बिघडलंय काय. बाहेरच्या पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला असेल तर घेणारा थोडी घासाघीस करेल, बाकी काही नाही. कॅप्सूलला, म्हणजे नाणं ज्यात बंद असतं त्या कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीला, तडा गेला असेल तर मात्र दमट हवा थेट नाण्यापर्यंत पोचते. आणखी एक: भरमसाठ संख्येने निघालेल्या सेटमधली नाणी सगळ्यांकडे सारखीच असतात, त्यामुळे तिथे गिऱ्हाईक खोकाच निरखून बघतं. नाणंच दुर्मीळ असेल तर खोक्याला फारसं कोणी विचारत नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. एक ओळखीचे गृहस्थ मोठ्या कौतुकाने अल्बम घेऊन आले. सेटची मूळ डबी पिवळी पडली होती, झाकणाची बिजागरी तुटली होती. त्यांनी नाणी काढून मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यांत घातली आणि डबी दिली टाकून. "आता कशी छान दिसतात ना?" मी अल्बम उघडला आणि नाकात तो वास शिरला, नव्या रेनकोटला येतो तसा. पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते हळूहळू पाझरतं, आणि प्लॅस्टिक जुनं होताना आम्लही सुटतं. नाण्यांवर हिरवट, चिकट थर चढला होता, तांब्याच्या नाण्यावर सगळ्यात जास्त. आणि चांदीच्या नाण्यावर तो दिसल्यावर साहेबांनी काय करावं? टूथपेस्ट! दिव्याखाली नाणं तिरकं धरलं तर आरशासारख्या पृष्ठभागावर गोल गोल बारीक ओरखडे, जसे जुन्या स्टीलच्या ताटावर असतात. थर गेला होता, प्रूफची झळाळीही गेली होती. तुटक्या बिजागरीसकट तो सेट आणला असता तर मी आनंदाने घेतला असता.

असा थर दिसलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं बुडवायचं, काचेच्या भांड्यात, खिडक्या उघड्या ठेवून, आसपास कुठे ज्योत नसताना. घासायचं अजिबात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे अ‍ॅसिटोन नव्हे, त्यात तेलं आणि सुगंध असतात. रंग छापलेलं नाणं असेल तर अ‍ॅसिटोनचं नावही काढू नका, रंग उतरेल. कॅप्सूलही लांब ठेवा, तिचं प्लॅस्टिक विरघळतं (हे मी कसं शिकलो ते विचारू नका). आणि धातू एकदा खाल्ला गेला की कुठलंही द्रावण तो परत आणत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. सुरुवातीच्या दिवसांत एका सेटचं कव्हर कडेला उसवलं होतं, मी हौसेने चिकटपट्टी लावली. काही वर्षांनी गोंद तपकिरी झाला, पट्टी काढायला गेलो तर छपाई तिच्याबरोबर सोलून आली. ते परवडलं. खरा फटका पुढे बसला: घ्यायला आलेल्या माणसाने पट्टीची खूण बघितली आणि विचारलं, "उघडलेला दिसतोय, आतलं एखादं नाणं बदललेलं तर नाही ना?" मी शपथ घेऊन सांगितलं तरी त्याचा चेहरा काही बदलला नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. फाटलेलं कव्हर हा नुसता अपघात वाटतो, चिकटवलेलं दिसलं की संशय येतो.

रबरबँड? नको. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

सेटसोबत आलेलं नंबर असलेलं सर्टिफिकेट दुमडलं, डाग पडला, तरी टाकू नका.

दुसऱ्या सेटचा चांगला खोका आणून नाणी त्यात बसवायची, हा शॉर्टकट नवशिक्यांना फार हुशारीचा वाटतो. नंबर जुळत नाहीत, आणि जाणकाराला ते लगेच कळतं. केलाच असेल तर विकताना सांगा.

जुन्या सेटमधल्या स्टेपलच्या पिनांबद्दल मात्र सावध राहा. अमेरिकेच्या टाकसाळीने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रूफ नाणी पातळ पारदर्शक पिशव्यांत घालून, त्या पिनेने एकत्र टाचून खोक्यात दिली होती. त्या पिना गंजतात. पिन ओढून काढताना टोक निसटलं तर नाण्यावर कायमची रेघ. गंज नाण्यापर्यंत पोचला नसेल तर मी पिनेला हातच लावत नाही.

माझी पद्धत अगदी साधी आहे. खराब झालेला खोका जसाच्या तसा मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर प्लॅस्टिकच्या) पिशवीत जातो, सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. तडकलेली कॅप्सूल तेवढी बदलतो, हातमोजे घालून, नाणं कडेने धरून, आणि जुनी कॅप्सूलही त्याच पिशवीत ठेवतो. विकायच्या वेळी पहिला फोटो चेपलेल्या कोपऱ्याचा काढतो, नाण्यांचा नंतर.