शिक्षेविरुद्ध अपील: सुनावणीतल्या चुका मांडण्याआधीची तयारी

सत्र न्यायालयाने कैदेची शिक्षा सुनावली की निकालपत्राची प्रत तिथेच मागून घ्या. ती मोफत मिळणं हा आरोपीचा हक्क आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 404; ही संहिता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली, पुढची कलमंही तिचीच). मुदत निकालाच्या दिवसापासून मोजतात: उच्च न्यायालयात 60 दिवस, फाशी असेल तर 30, आणि दंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात 30. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. म्हणून नक्कल अर्जाची आणि प्रत तयार झाल्याची, अशा दोन्ही तारखा जपा. तरीही उशीर झालाच, तर विलंबमाफीच्या अर्जात नुसतं 'अडचण होती' लिहून भागत नाही, कारण पटेल असं मांडावं लागतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिलं ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे) जातात, मुंबईला नाही.

आता खरं काम: रोजनामा, म्हणजे खटल्याच्या प्रत्येक तारखेला काय झालं याची न्यायालयाची नोंद. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत तो संपूर्ण मागवा, कारण कोणत्या दिवशी वकील हजर नव्हता, उलटतपासणीसाठी वेळ नाकारला गेला का, हे दुसरीकडे क्वचितच सापडतं. त्याबरोबर न्यायालयाने निश्चित केलेला दोषारोप, प्रत्येक साक्ष, न्यायालयाने प्रश्न विचारून नोंदवलेला आरोपीचा जबाब, आणि बचावाने दिलेला प्रत्येक अर्ज त्याच्या निशाणी क्रमांकासह (न्यायालयाने कागदाला दिलेला क्रमांक), त्यावर झालेल्या आदेशासकट. साक्ष मराठी आणि इंग्रजी अशा दोन्हींत नोंदली असेल तर ओळीशी ओळ ताडून पाहा. फरक तिथेच निघतात.

मग एका वहीत प्रत्येक चुकीपुढे चार गोष्टी लिहा: काय चुकलं, नोंद कुठल्या पानावर, त्या वेळी हरकत घेतली होती का, आणि त्यामुळे बचावाचं नेमकं काय नुकसान झालं. चौथा रकाना रिकामा राहिला तर मुद्दा बहुतेक बाद समजा. कलम 511 (जुनं 465) सांगतं की निव्वळ अनियमिततेवरून निकाल उलटत नाही, न्यायाची हानी दिसावी लागते. आणि हरकत आधीच घेता आली असती का, हेही न्यायालय पाहतं. इथेच बरीच अपिलं पडतात. दोषारोपात तारीख चुकली, पण आरोपीला आरोप नीट कळला होता, तर त्या चुकीवर पानं खर्च करू नका.

आरोपीच्या जबाबाकडे (कलम 351, जुनं 313) मात्र जास्त वेळ द्या. निकालात ज्या परिस्थितीवर (आरोपीविरुद्ध जाणाऱ्या बाबीवर) भर दिला आहे ती प्रत्येक अधोरेखित करा आणि तिच्याबद्दल आरोपीला प्रश्न विचारला होता का, हे शोधा. विचारलीच नसेल तर ती आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये पुण्याच्या शरद सारडा खटल्यात म्हटलं. पण शिवाजी बोबडे खटल्यात (1973) त्याच न्यायालयाने नुकसान दाखवायला हवं असंही सांगितलं आहे. दोन्ही निकाल सोबत ठेवा.

वकिलाला तयारीला वेळच दिला नसेल तर अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश (2019) पाहा. जन्मठेप वा फाशीच्या शक्यतेच्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला किमान 10 वर्षांचा अनुभव आणि साधारणपणे किमान 7 दिवस हवेत, असं त्यात आहे. तो खटला पुन्हा चालवायला पाठवला गेला, त्या निकालाने थेट सुटका झाली नाही. घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगा: अशा चुकीचं फळ अनेकदा फेरसुनावणी असतं. म्हणून पुराव्यातल्या त्रुटींचे मुद्दे वेगळे आणि आधी मांडा. शिक्षेच्या प्रमाणावर ऐकून घेतलं नसेल, तर दोषसिद्धी तशीच राहून केवळ शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडू शकतो.

अपिलासोबतच कलम 430 खाली शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज जोडा; त्याला तुरुंगात काढलेल्या दिवसांचा दाखला, खटल्यादरम्यान जामिनावर असल्यास तो आदेश आणि दंड भरल्याची पावती लावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातूनच अपील करायचं असेल तर ते आणि निकालाची प्रत तुरुंग अधिकाऱ्याकडे द्या, आणि ती दिल्याची तारीख लिहून घ्या.