गावाकडून पहिल्यांदा विमानाने निघताय? या चुका टाळा

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. गोंदियाजवळच्या बिरशीहूनही प्रवासी विमानं उडाली आहेत आणि नागपूर तर होतंच. त्यामुळे मोर्शी, दर्यापूर, आमगावकडचे आईबाबा आता मुलांकडे विमानाने जायला लागले आहेत. मुलं तिकीट व्हॉट्सॲपवर पाठवतात, पण आत गेल्यावर काय करायचं आणि काय नाही, हे कुणी बसवून सांगत नाही. मग माणूस संकोचतो, विचारत नाही, आणि नेमकी तिथेच चूक होते.

बॅग भरताना

लेकीकडे जाताना आई खोबऱ्याच्या वाट्या हमखास बांधून देते. त्या घरीच ठेवा. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि साठवणीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोकादायक माल धरलं जातं. पूजेच्या कापराचंही तेच. बॅग एक्सरेत अडकते, नाव पुकारलं जातं, आणि म्हातारं माणूस घाबरून जातं. तिखट आणि लोणचं हातातल्या पिशवीत नको, चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या बॅगेत घट्ट झाकण लावून ठेवा. अडकित्ता, विळी, कात्रीही तिकडेच.

पॉवर बँकेचं मात्र बरोबर उलटं आहे. ती चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही, जवळच ठेवायची. लिथियमची बॅटरी पेटली तर माणसांमध्ये ती लगेच दिसते, केबिन क्रू, म्हणजे विमानातले कर्मचारी, ती विझवू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात ते कुणाच्याच लक्षात येत नाही. 100 वॅट-अवरपर्यंतची चालते, म्हणजे नेहमीची 20,000 एमएएचची बसते. पण विमानात ती वापरू नका, आणि फोन गरम झाला किंवा फुगला तर लपवू नका, लगेच सांगा.

खर्रा खाऊन विमानात चढू नका. थुंकायला जागा नसते आणि वॉशबेसिनमध्ये थुंकलेलं पुढच्या माणसाला दिसतं. स्वच्छतागृहात बिडी-सिगारेट तर अजिबात नाही. तिथे धूर ओळखणारं यंत्र असतं, आणि आग लागली तर पळायला वावर नसतं.

दाराला हात लावू नका, आधी विचारा

2018 मध्ये दिल्लीहून पाटण्याला निघालेल्या एका प्रवाशाने हवेतच बाहेरचं दार उघडायचा प्रयत्न केला. तो पहिल्यांदाच विमानात बसला होता आणि त्याला ते स्वच्छतागृहाचं दार वाटलं होतं. शेजाऱ्याला एक शब्द विचारला असता तर त्याची चौकशी झाली नसती. आपल्या इकडचंही उदाहरण आहे: जानेवारी 2023 मध्ये नागपूर-मुंबई विमान उतरत असताना आपत्कालीन दाराचं आवरण काढायचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून एका प्रवाशावर मुंबईत गुन्हा दाखल झाला.

उंचावर आतल्या हवेचा दाब दाराला घट्ट धरून ठेवतो, तेव्हा ते उघडत नाही. पण जमिनीजवळ हा दाब उरत नाही. 26 मे 2023 ला दक्षिण कोरियात उतरायला आलेल्या विमानाचं दार एका प्रवाशाने हवेतच उघडलं. विमान सुखरूप टेकलं, पण श्वासाच्या त्रासाने काही प्रवाशांना दवाखान्यात न्यावं लागलं. तुमची जागा आपत्कालीन दाराशेजारी आली असेल आणि जमणार नाही असं वाटत असेल, तर क्रूला सरळ सांगा, ते जागा बदलून देतात. यात कमीपणा काही नाही.

पट्टा

आपल्याकडे पट्ट्याची सवय नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुखापती इथूनच येतात. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर खाली बसवायचा. गरोदर बाईने पोटाच्या खालून. मांडीवरच्या लेकराला स्वतःच्या पट्ट्यात गुंडाळू नका, धक्क्यात तुमच्याच अंगाचा भार त्याच्यावर पडतो. लहान मुलांचा वेगळा पट्टा क्रूकडून मागून घ्या. लागत नसेल तर "ताई, हा पट्टा लागून नाही राहिला" एवढं म्हणायचं. ताई येते, लावून देते.

डोक्यावरचा पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सैलसर बांधलेलाच ठेवा. 1 मे 2022 ला मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं विमान उतरताना जोरदार हादरलं आणि अनेक जण जखमी झाले. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी जमीन तापून गरम हवा वर झेपावते, तेव्हा नागपूरला उतरताना विमान हलतं. हलणं धोक्याचं नाही, मोकळं बसणं धोक्याचं.

चाकं टेकली की उठू नका

एसटीत थांबा यायच्या आधी दाराशी जायची आपली सवय. विमानात ती जड जाते. विमान अजून चालत असतं, अचानक ब्रेक लागू शकतो, आणि वरचा कप्पा उघडला असेल तर बॅग बसलेल्यांच्या डोक्यावर येते. पूर्ण थांबून पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत बसा. अमरावतीला एटीआर नावाचं पंख्याचं विमान असतं, तिथे उतरून पायी चालावं लागतं; आखलेल्या वाटेनेच चला, फोटोसाठी पंख्याकडे वळू नका.

खरंच संकट आलं आणि बाहेर पडा असं सांगितलं, तर बॅग सोडा. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानचं विमान धडकेनंतर जळत होतं, तरी त्यातले सगळे 379 जण वाचले. क्रूचं ऐकून ते सामान न घेता उतरले, हे त्यामागचं मोठं कारण.

कान दुखले तर पाणी प्या, आवंढे गिळा. लेकराला उतरताना पाजा. जबर सर्दी असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, आणि दोन दिवसांत कान मोकळा झाला नाही तर पुन्हा दाखवा.