पुस्तकांच्या पीडीएफची लिंक पुढे पाठवताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आठवड्यात वाचकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: 'सर्व दिवाळी अंक पीडीएफमध्ये, खालील लिंकवर. पुढे पाठवा.' गेल्या वर्षी मी अशी एक लिंक उघडून पाहिली. अख्खा अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत स्कॅन केलेला. काही पानांच्या कोपऱ्यात पान दाबून धरणाऱ्याचा अंगठा आलेला, तिसऱ्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा गोल शिक्का. लिंक पाठवणारे काका निवृत्त शिक्षक, मनाने निर्मळ. आपल्या हातून मराठीची सेवाच होतेय, अशी त्यांची समजूत. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

'मी काय, फक्त लिंक दिली'

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 63 मध्ये जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग करणारा येतो, तसा त्याला जाणूनबुजून साथ देणाराही येतो. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात.

इथे 'जाणूनबुजून' या शब्दाला फार वजन आहे. लिंकखाली आपणच 'प्रकाशकांना कळू देऊ नका' किंवा 'लवकर उतरवून घ्या, काढून टाकतील' असं लिहिलं, तर माहीत नव्हतं म्हणायला जागा उरत नाही.

आणि ती लिंक स्वतःच्या गूगल ड्राइव्हची असेल, तर 'फक्त लिंक' हे म्हणणंच खोटं ठरतं. फाइल तुम्ही साठवलीत, लोकांसाठी खुली तुम्हीच केलीत. ते वाटपच झालं.

'पैसे कुठे घेतले?'

नफ्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. गुन्हा मात्र पुसला जात नाही. शिवाय प्रकाशक दिवाणी दावा लावून भरपाई मागू शकतो, ते वेगळंच.

'आपला नंबर कोणाला कळणार?'

स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या एका शिक्षिकेची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामच्या चॅनलांवर फुकट फिरत होते. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आमचा डेटा सिंगापूरला आहे, तिथला कायदा आड येतो, असं टेलिग्रामचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. 30 ऑगस्ट 2022 च्या आदेशाने त्या चॅनलवाल्यांचे मोबाइल नंबर, ईमेल आणि आयपी पत्ते मागवले.

ग्रुप ॲडमिनना मात्र थोडा दिलासा आहे. दुसऱ्या सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन निव्वळ ॲडमिन म्हणून दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात म्हटलं. पण त्यातही ॲडमिन आणि पोस्ट टाकणारा यांचा सामायिक हेतू नसावा, ही अट आहेच. तीच लिंक ॲडमिनने वर पिन करून ठेवली, तर गोष्ट बदलते.

'जुनं पुस्तक आहे, चालतं'

हिशेब पुस्तकाच्या वयाचा करायचा नसतो. लेखक वारल्याच्या पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजायची. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 2011 पासून मुक्त आहे. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले, म्हणजे 2060 संपेपर्यंत हक्क शाबूत. पुस्तक बाजारात मिळत नाही, म्हणून हक्क संपत नाही. ज्ञानेश्वरी सगळ्यांची, पण आजच्या अभ्यासकाने लिहिलेला तिचा अर्थ त्याचा.

पाठवून झालं असेल तर

आधी स्क्रीनशॉट घ्या, मग लिंक सगळ्यांसाठी डिलीट करा. वेळ उलटून गेली असेल तर ॲडमिनला सांगा. फाइल ड्राइव्हवर असेल तर शेअरिंग बंद करा, नुसता मेसेज काढून भागत नाही. प्रकाशकाचा फोन आला तर वाद घालू नका, काढलंय एवढं कळवा. वकिलाची नोटीस आली, तर ती जपून ठेवा आणि उत्तर वकिलाकरवीच द्या. ग्रुप सोडून गप्प बसणं ही त्यावरची आणखी एक चूक.

मुक्त झालेलं बरंच साहित्य मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात आहे. त्याची लिंक खुशाल पाठवा.

काकांना मी फोन केला. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "अगं, संपादक माझा विद्यार्थी आहे." संध्याकाळपर्यंत मेसेज गेला होता. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं: 'माझ्याकडे विकत घेतलेले तीन अंक आहेत. कोणाकडे कुठले आहेत ते सांगा, आपण अदलाबदल करू.' यंदा आमच्यात नऊ घरांतून अंक फिरताहेत.