कयाकमध्ये बसण्याआधी तिच्यातून निघायला शिका

मी सांगलीची. पाचवीच्या सुट्टीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून आत्याच्या विहिरीत पोहायला शिकले आणि आठवीत असताना कृष्णा या काठावरून त्या काठाला पोहून जात होते. त्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी कोकणात कोलाडला कुंडलिका नदीवर कयाकिंग, म्हणजे वल्ह्यानं (पॅडलनं) चालवायची अरुंद, हलकी होडी शिकायला गेले, तेव्हा पाण्याची भीती अशी नव्हतीच. शिकवणाऱ्या मुलानं पहिला प्रश्न विचारला, "ताई, पोहता येतं?" मी ठासून हो म्हटलं. तो म्हणाला, "मग तुमच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवतो."

त्याचं म्हणणं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. छोट्याशा धारेत कयाक उलटली, मी बाहेर आले, पायाला दगड लागले आणि जन्माची सवय म्हणून मी उभी राहिले. पाणी जेमतेम मांडीपर्यंत होतं. उजवं पाऊल दोन दगडांच्या फटीत गेलं आणि मागून येणाऱ्या पाण्यानं मला पुढं वाकवायला सुरुवात केली. "पाय वर! पाठीवर पडा!" तो ओरडला. बूट फटीत राहिला म्हणून पाऊल सुटलं. तीन-चार सेकंदांचा खेळ, पण त्यात मला उमगलं की विहिरीत, घाटावर शिकलेलं पोहणं इथं अपुरं आहे. आमच्याकडच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठीच मी हे मुख्यतः लिहिते आहे.

वाहत्या पाण्यात पाय अडकला की पाणी शरीराला प्रवाहाच्या दिशेनं दाबत राहतं. गुडघा वाकतो, कंबर वाकते, तोंड पाण्याखाली जातं आणि परत उठता येत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. तिथं ताकदीचा उपयोग नाही. म्हणून पाणी गुडघ्याच्या खाली आणि संथ होईपर्यंत उभं राहायचं नाही. पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढं, बुटांची टोकं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, बूड वर उचललेलं. समोर दगड आला तर पायानं रेटायचा. हात वल्ह्यासारखे मारत तिरकं काठाकडं सरकायचं. शांत पाणी जवळ दिसलं की मात्र पालथं होऊन जीव तोडून त्याच्याकडं पोहायचं. कयाक हाताशी असेल तर पाणी जिकडून येतं त्या, तिच्या वरच्या बाजूला राहा, म्हणजे ती आधी वाहत जाईल आणि तुम्ही मागून. पाण्यानं भरलेली कयाक दोनशे किलोंच्या वर जाते. ती आणि दगड यांच्यामध्ये कधीच सापडू नका.

आता सुरुवातीपासून. पहिला दिवस साठलेल्या पाण्यात घालवा: धरणाचा शांत कोपरा, पोहण्याचा तलाव, नदीचा संथ डोह, जिथं शिकवणारा तुमच्या शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहू शकेल. कयाक दोन प्रकारच्या असतात. एकीवर पाटावर बसल्यासारखं वर बसायचं. उलटली तर तुम्ही नुसते बाजूला पडता. पहिले काही तास हीच घ्या, आणि फक्त धरणाच्या पाण्यात हिंडायचं असेल तर पुढंही हीच पुरे. दुसरीत पाय आत घालून बसायचं आणि कमरेभोवती रबराचा स्कर्ट ताणून झाकण लावायचं, म्हणजे पाणी आत येत नाही. खळाळत्या नदीत ही लागते. हिच्यात बसायचं तर आधी उलटून बाहेर निघायला शिकायलाच हवं. ज्या ठिकाणी हे न शिकवता तुम्हाला स्कर्ट लावून धारेत सोडतात, तिथून परत या. पैसे गेले तरी चालतील.

निघायची रीत अशी. उलटलात की आधी पुढं वाका, कपाळ पार कयाकच्या पाठीला टेकेल इतकं. घाबरलेला माणूस मागं रेलतो. त्यानं तोंड दगडांसमोर येतं आणि मांड्याही आत अडकतात. मग कयाकच्या तळावर दोन्ही हातांनी तीन थापा मारा. वरच्यांना कळतं, आणि तीन थापा मोजेपर्यंत आपलंही मन ठिकाणावर येतं. नंतर स्कर्टच्या पुढच्या टोकाला असलेली पट्टी आधी पुढं आणि मग बाहेर ओढा. दोन्ही हात कमरेजवळ काठावर ठेवा आणि तंग सलवार उतरवावी तशी कयाक मांड्यांवरून सोडवा. जॅकेट तुम्हाला वर आणतंच. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. आधी स्कर्टशिवाय करा, मग स्कर्ट लावून, आणि निदान दहा वेळा. मला सातव्या वेळेपर्यंत पट्टी डोळे उघडून शोधावी लागत होती. आठव्यांदा हात आपोआप गेला, तेव्हा कुठं शिकवणाऱ्यानं मान हलवली. नाकात पाणी जाण्यानं गोंधळ होत असेल तर नाकाचा चिमटा लावा. आणि दर वेळी बसल्यावर डोळे मिटून ती पट्टी बाहेर आहे ना, हे हातानं चाचपा. ती आत दुमडून राहिली तर पाण्याखाली स्कर्ट सोडवणं फार कठीण जातं.

लाइफ जॅकेटवर मी कुणाशीही भांडते. धरणांवर ढिगात पडलेली, बकल तुटलेली, दोरीनं बांधलेली नारिंगी जॅकेटं घालू नका. घातल्यावर सगळे पट्टे आवळा आणि सोबत्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही सरकेल. लहान माप घ्या. कयाकसाठीच्या जॅकेटवर निदान ५० न्यूटन लिहिलेलं असतं. ते पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसापुरतं आहे, हेही ध्यानात ठेवा. हेल्मेटनं कपाळ झाकलं पाहिजे. मागं कलंडलेल्या हेल्मेटचा उपयोग नाही.

कपडे चटकन वाळणारे, लांब बाह्यांचे. जीन्स नको, ओढणी नको. पायात टाचेला घट्ट बसणारे बूट. चपला कयाक पहिल्यांदा उलटताच वाहून जातात आणि अनवाणी पायाला काच लागते. मंगळसूत्र, बांगड्या, गळ्यातला ताईत काठावर कुणाच्या तरी हाती द्या. कित्येक बायका इथं अडखळतात, मलाही जड गेलं होतं. पण गळ्यात अडकणारी कुठलीही गोष्ट नदीत घेऊन जायची नाही. चष्म्याला मागून दोरी.

पॅडल मारणं दोन तासांत जमतं, त्यावर जास्त लिहीत नाही. दंडानं मारू नका, कमरेतून वळा. कोपर खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. हात वर ताणलेला असताना पाण्याचा हिसका बसला की खांदा निखळतो.

नदीत उतरल्यावर खरी विद्या म्हणजे पाणी वाचणं. मोठ्या खडकाच्या मागं पाणी शांत असतं, कधी कधी उलटं वरच्या दिशेला वाहतं. कयाकवाले याला एडी म्हणतात. नवखा माणूस मधल्या पांढऱ्या पाण्याकडं बघतो. तुम्ही एडी कुठं आहेत ते बघा. इथल्या एडीत थांबायचं, पुढची धार नीट न्याहाळायची, मगच तिथल्या एडीपर्यंत जायचं. एका दमात खाली जाण्यात काही मोठेपणा नाही. एडीतून धारेत शिरताना प्रवाह कयाकची वरची, म्हणजे पाणी येतं त्या बाजूची, कड पकडून तिला उलटवतो. म्हणून त्या क्षणी प्रवाह जिकडं चालला आहे तिकडं झुका, सायकल वळवताना आत झुकतो तसं. आणि आडवे होऊन खडकावर आदळणार असं दिसलं तर खडकाकडं झुका, अगदी त्याला मिठी मारा. मन उलटं सांगतं, खडकापासून दूर व्हावंसं वाटतं. त्यानंच वरची कड बुडते, कयाक भरते आणि खडकाला चिकटून बसते.

आता ज्यांच्या जवळही जायचं नाही अशा गोष्टी. पडलेलं झाड म्हणजे चाळणी: पाणी आरपार जातं, माणूस राहतो. पावसाळ्यानंतर ओळखीच्या पट्ट्यातही नवी झाडं आडवी झालेली असतात, म्हणून हंगामातली पहिली फेरी आधी काठानं चालत करा. चुकवता येणारच नसेल तर पाय पुढं ठेवायचा नियम मोडून पालथं व्हा, डोकं पुढं ठेवून जोरात पोहा आणि फांदीवर चढा. मासेमारीची जाळी आडवी लावलेली असतात. काठावरच्या भोई मंडळींना विचारलं की ती कुठं आहेत ते नेमकं सांगतात. वाळू उपसलेल्या नदीत गुडघाभर पाण्याशेजारी एकदम खोल खड्डा असतो.

आणि बंधारे. आमच्या कृष्णा, वारणा, पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. पावसाळा सरला की दगडी खांबांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, पावसाळ्याच्या तोंडावर ते काढतात. बरगे घातलेले असताना वरून येणाऱ्याला फक्त पाण्याची एक सरळ रेघ दिसते, आवाजही फारसा येत नाही. खाली पडणारं पाणी तळाशी आपटून परत भिंतीकडं वळतं. त्यात सापडलेला माणूस खाली जातो, वर येतो, पुन्हा भिंतीकडं ओढला जातो. हवेनं फेसाळलेल्या त्या पाण्यात जॅकेटही पुरेसं तरंगवत नाही. त्यासाठी पाणी माणसाच्या उंचीएवढ्यावरूनही पडावं लागत नाही. अर्धे बरगे काढलेले असले तर पाणी फटीतून ओढून नेतं, तेही तितकंच वाईट. कुंडलिकेवरही डोलवहाळला बंधारा आहे. बंधारा कुठलाही असो, लांबवर काठाला लागा, कयाक खांद्यावर घ्या आणि चालत पलीकडं जा. यात कुणाचंही ऐकू नका, शिकवणाऱ्याचंही.

सांगलीत मी आता कयाक उतरवत नाही. कृष्णेत मगरी आहेत. चिपळूणला वाशिष्ठीत आणि महाडला सावित्रीतही आहेत. ज्या घाटावर लहानपण गेलं तिथं पाण्यात पाय घालता येत नाही याचं वाईट वाटतं, पण जागा त्यांचीही आहे.

म्हणून मी कुंडलिकेवर जाते. हे पाणी मुळात कोकणचं नव्हे. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज तयार करतं आणि मग कुंडलिकेत उतरतं. या धरणात शेतं जाऊ नयेत म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचं नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट तेव्हापासून 'सेनापती' झाले. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. धारेत बसताना मला दर वेळी त्या गावांची आठवण होते.

शिकणाऱ्याला यातून हे घ्यायचं: ही नदी वीजघराच्या वेळेवर चालते. आकाश निरभ्र असलं तरी पाणी सोडलं की सुकं पात्र बघता बघता भरतं, म्हणूनच इथलं राफ्टिंग पाणी सुटल्यावर सकाळी होतं. पाणी कधी सुटणार हे आदल्या दिवशी आणि त्या सकाळी पुन्हा विचारा. भोंगा वाजला, पाणी गढुळलं, काड्या-पाचोळा वाहत येऊ लागला, तर वाट न बघता वर चढा. पात्रातल्या कोरड्या खडकावर डबा खायला बसू नका. धरणाखालच्या कुठल्याही नदीला हे लागू आहे. बातमीत विसर्ग क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एकाच पट्ट्यावर जात राहिलात आणि दर वेळी आकडा टिपून ठेवलात तर वर्षभरात तो आकडा डोळ्यांसमोर नदी उभी करतो.

जून ते सप्टेंबर नवख्यानं कयाक घेऊन नदीत उतरू नये. पूर तर असतोच, शिवाय कोकणात लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा, धोका असतो. अंगावर जखम असेल तर पाणी टाळा आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना नदीत गेल्याचं सांगा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शिकायला उत्तम. पहिल्या वर्षी दुसऱ्या श्रेणीच्या पुढं जाऊ नका. खळाळ किती अवघड यावरून सहा श्रेणी असतात, तिसरीपासून नेमकं वळता यावंच लागतं. ऋषिकेशला जायची घाई नको. तिथलं बर्फाचं पाणी पहिल्या झटक्यात श्वास कोंडतं, आणि आपल्याकडच्या कोमट पाण्यात शिकलेल्याला त्याचा अंदाज नसतो.

तिघांपेक्षा कमी माणसांनी जाऊ नका: एक अडकला तर एक त्याच्याजवळ, एक मदतीला. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी हवी. एक शिट्टी म्हणजे इकडं बघा, तीन म्हणजे संकट. पॅडल उभं धरलं तर या, आडवं धरलं तर थांबा. हात नेहमी जिकडं जायचं तिकडंच दाखवायचा, धोक्याकडं कधीच नाही. खळाळात एवढंच दिसतं. एकाकडं तरी पिशवीतली फेकायची दोरी असू द्या आणि ती फेकायचा सराव आधी मैदानात करा. दोरी आली की छातीशी धरा, पाठीवर वळा, ती खांद्यावरून जाऊ द्या. मनगटाला गुंडाळू नका.

निघण्याआधी काठावरच्या एका माणसाला सांगून ठेवा: कुठून उतरतोय, कुठं बाहेर येणार, किती वाजेपर्यंत. मी माझ्या बहिणीला सांगते. अकरापर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तो नंबर तिच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. आणि बाहेर आल्यावर कपडे बदलायच्या, चहा घ्यायच्या आधी तिला फोन करते.