कॅमेरॉनबाई, दीनदयाळ आणि अग्रशाळेतली वधू

लग्नाची कामं नुकती घ्यायला लागलेली मुलं-मुली भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो. जुन्या मोठ्या छायाचित्रकारांसारखा वधूचा एखादा फोटो काढायचाय, प्रिसेट (एडिटिंगमधली तयार रंगछटा) कुठला लावू? बहुतेकांच्या मनात सेपिया, म्हणजे पिवळट तपकिरी छटा, असते. ती आधी डोक्यातून काढा. एकोणिसाव्या शतकातल्या अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरच्या) आज पिवळट दिसतात, कारण त्या पिवळ्या पडल्या आहेत. सोन्याच्या क्षाराने टोन केलेली ती प्रिंट ताजी असताना जांभळट तपकिरी असायची. आपण ज्याला ‘जुना लुक’ म्हणतो तो काळाने केलेला आहे, काढणाऱ्याने नव्हे. त्यावर वरून खोटे ओरखडे टाकणाऱ्यांबद्दल मी न बोललेलंच बरं.

उस्तादाकडून घ्यायचे ते त्याचे निर्णय. उजेड कुठून येऊ दिला, किती जवळ गेला, चौकटीत काय येऊ दिलं नाही. तेही एका फोटोसाठी एकाच उस्तादाचा एकच निर्णय. दोघांचं एकत्र केलं की फोटो कुणाचाच राहत नाही, तुमचाही नाही.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात काम करते. इकडची बरीचशी लग्नं देवस्थानांच्या सभागृहांत होतात: मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी. वधूची तयारी अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या आवारातल्या भक्तनिवासाच्या, खोलीत चालते. भिंत गुलाबी नाहीतर पोपटी, वर ट्यूबलाइट, गज असलेली एक खिडकी, खाटेवर बॅगांचा ढीग आणि जागा मिळेल तिथे बसलेल्या मावश्या-काकू. मेकअप संपल्यापासून ‘भटजी बोलावतात’ म्हणून कुणीतरी दारात येईपर्यंत जी पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यातच हा फोटो होतो. पुढचं सगळं त्या वेळेसाठी लिहितेय.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्यापासून करा. बाईंचा जन्म 1815 मध्ये कोलकात्यात झाला. कॅमेरा हातात आला 1863 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, आणि तोही मुलगी-जावयाने भेट दिला म्हणून. तेव्हा त्या इंग्लंडमध्ये वाइट बेटावर राहत होत्या. आवारातल्या कोंबड्यांच्या काचबंद खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला. ओल्या कोलोडियनच्या काचा (रसायनाचा ओला लेप दिलेली काच, तीच निगेटिव्ह), लांबलचक एक्स्पोजर, समोरच्याने तेवढा वेळ न हलता बसायचं. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यांत हलकी थरथर आहे आणि फोकस मऊ आहे. त्या काळच्या छायाचित्रकारांनी त्यावरून त्यांना भरपूर नावं ठेवली. बाईंनी रीत बदलली नाही. फोकस करताना चेहरा डोळ्यांना सुंदर वाटला की तिथेच थांबायचं, आणखी धारदार करत बसायचं नाही.

त्यांनी 1867 मध्ये भाची ज्युलिया जॅक्सन हिची काही चित्रं काढली. त्याच वर्षी तिचं लग्न झालं (पुढे दुसऱ्या लग्नानंतर ती व्हर्जिनिया वुल्फची आई झाली). त्यातलं समोरून काढलेलं चित्र घ्या. केस मोकळे, नजर सरळ आपल्यावर, उजेड एकाच बाजूने, अर्धा चेहरा काळोखात. लग्नाच्या उंबरठ्यावरची मुलगी, आणि अंगावर लक्ष वेधेल असा एकही दागिना नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने कॅमेरॉनबाईंची छायाचित्रं 1865 पासूनच घ्यायला सुरुवात केली होती. त्यांचा संग्रह इंटरनेटवर मोठ्या आकारात पाहता येतो.

मोबाइलवर पाहून पुढे सरकू नका. चित्र ए-फोर कागदावर छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. डोळ्यांतला पांढरा ठिपका कुठे आहे आणि कुठल्या आकाराचा? त्यावरून खिडकी किती वर, किती मोठी ते कळतं. नाकाची सावली कुठल्या दिशेला पडलीय? तिची कड धारदार की विरघळलेली? काळोख गालावर सुरू होतो की कानापाशी? मागे काही दिसतं का? एवढं कागदावर खुणा करून झालं की ‘मूड’ वगैरे शब्द लागत नाहीत. खोली डोळ्यांसमोर उभी राहते.

आता हीच खोली गोव्यात शोधायची. वधूचं घर जुनं असेल तर तुम्ही नशीबवान. आपल्याकडच्या जुन्या घरांत शिंपल्यांची तावदानं बसवलेल्या खिडक्या अजून टिकून आहेत. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत शिंपल्यांचे पातळ, जवळजवळ पारदर्शक तुकडे. बाहेर कितीही ऊन असो, आत येणारा उजेड दुधट आणि सपाट असतो. बाजारातला कुठलाही सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) मला त्यापुढे फिका वाटतो. वधूला अशा खिडकीपासून हातभर अंतरावर, खांदा खिडकीकडे करून बसवा. जवळ बसवण्याचं कारण म्हणजे उजेड अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होत जातो. खिडकी मोठी असली की हा हिशेब थोडा सैल होतो, पण कल तोच. खिडकीपाशी बसलेल्या चेहऱ्यावर भरपूर उजेड असतो तेव्हा मागची भिंत आपोआप बुडते. तीच मुलगी खोलीच्या मध्यावर नेलीत तर चेहरा आणि भिंत सारखीच दिसायला लागते.

अग्रशाळेत शिंपले नसतात. तिथे गजांच्या खिडकीवर पांढरं सुती धोतर दुहेरी करून बांधायचं. गजांच्या सावल्या जातात. ट्यूबलाइट बंद, नाहीतर एका गालावर आकाशाचा निळसर उजेड आणि दुसऱ्यावर ट्यूबचा हिरवट, आणि एडिटिंगमध्ये कितीही डोकं आपटलं तरी दोन्ही एकदम सुधारत नाहीत. पोपटी भिंतीचा रंगही गालावर चढतो, म्हणून सावलीच्या बाजूला काळा कपडा उभा धरायचा. त्याने भिंत झाकली जाते आणि सावलीही गडद होते. फारच गडद वाटली तर काळ्याच्या जागी थर्माकोलची पांढरी शीट, म्हणजे उजेड परतून सावलीत येतो. शहाळेवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत कुणाकडेही ती मिळते, रिफ्लेक्टर विकत घ्यायची घाई नको. माझी साधारण सेटिंग 85 एमएम लेन्स, एफ/2 अ‍ॅपर्चर, 1/125 सेकंद शटर, आयएसओ 800 च्या आसपास. खिडकीकडच्या डोळ्यावर फोकस. दुसरा डोळा मऊ झाला तर होऊ द्या, तेवढं तरी कॅमेरॉनबाईंकडून घ्या.

खरी अडचण उजेडाची नसते. काकू दारातून विचारतात, “हांगा इतलो काळोख कित्याक? व्हंकलेचें तोंड दिसूंक नाका?” (इथे एवढा काळोख कशाला? नवरीचं तोंड दिसायला नको?) त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं रास्त आहे. घरच्यांनी घडवलेलं सोनं आणि मेहनतीने केलेला मेकअप अर्धा काळोखात टाकायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. आधी सगळ्यांना हवा तो उजळ, समोरून काढलेला, सगळे दागिने दिसणारा फोटो काढून मोकळे व्हा. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर खिडकीपाशी काढलेली एक चौकट काकूंनाच आधी दाखवा. बऱ्याचदा त्याच पुढच्या वेळी कपडा धरायला उभ्या राहतात.

मला स्वतःला मात्र, जमेल तेव्हा, खिडकीपाशीचा हा फोटो सगळे दागिने चढायच्या आधीच घ्यायला आवडतो; उजळ फोटो मग नंतर. केसांत अबोलीची फाती (गजरा) माळलेली, हातात हिरवा चुडा, गळा अजून मोकळा. मार्च-एप्रिलचं लग्न असेल तर सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) असतात आणि ते खिडकीच्या उजेडात अबोलीपेक्षाही छान उठतात. हे साधायचं तर मेकअप करणाऱ्या ताईंशी आदल्या दिवशी फोनवर बोलून ठेवावं लागतं, कारण त्या क्षणी त्यांच्या हातून वेळ काढून घेणं म्हणजे भांडण. त्यांना विश्वासात घेतलं की त्या स्वतःच हाक मारतात.

छायाचित्रकार लाला दीनदयाळांकडून मी वेगळी गोष्ट घेते. जन्म 1844 चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागले. छायाचित्रण आधी हौस म्हणून आलं, पुढे व्हाइसरॉयचे आणि निजामाचे छायाचित्रकार झाले. ‘राजा’ ही पदवी निजामाने दिली. सगळे त्यांच्या राजेरजवाड्यांच्या चित्रांबद्दल बोलतात. मला मात्र 1892 चा हैदराबादचा जनाना स्टुडिओ महत्त्वाचा वाटतो. तिथे पडद्यातल्या स्त्रियांची छायाचित्रं काढायला मिसेस केनी-लेव्हिक या बाई नेमल्या होत्या. आत पुरुष नाही. समोर बसलेली स्त्री मोकळी कधी होईल याचा विचार लेन्सच्या आधी झाला होता.

हा निर्णय आज जसाच्या तसा उचलता येतो. खोलीतून दीर, मामा, ड्रोनवाला, रील काढणारा भाऊ, सगळे बाहेर. वधूला हवी असलेली एकच व्यक्ती आत राहील, बहुधा बहीण किंवा मैत्रीण. तुम्ही मुलगा असाल तर पदर-निऱ्या नीट करायला हात पुढे करू नका, असिस्टंट मुलगी घ्या. गर्दी गेली की वधूचे खांदे खाली येतात. ते मला प्रत्येक वेळी दिसतं आणि फोटोतही दिसतं.

त्या काळच्या स्टुडिओत काचेची निगेटिव्ह उजेड हळू टिपायची, त्यामुळे पोझ टिकवावी लागे. म्हणून हात कशावर तरी टेकलेले असायचे: खुर्चीची पाठ, टेबल, पुस्तक. आजच्या वधूचे हातही असेच टेकवा. चुडा भरलेले हात हवेत लटकले की अवघडलेले दिसतात. मांडीवर एकावर एक ठेवले, किंवा जुन्या खुर्चीच्या हातावर एक हात सोडला, की बांगड्या आपोआप मनगटाकडे उतरतात आणि नीट मोजता येतील अशा दिसतात. दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आहे. दिल्लीला गेलात तर चौकशी करा.

अमेरिकन छायाचित्रकार अर्विंग पेन यांचा उल्लेख थोडक्यात. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्यांनी दोन उभे फलक लहान कोनात जोडून एक अरुंद कोपरा केला आणि नामवंतांना त्यात उभं केलं. जागा तंग केली की माणूस स्वतःच काहीतरी करतो, टेकतो, रेलतो, हात खोचतो. पोझ सांगावी लागत नाही. ज्या मुलीला लाजायची पोझ द्यायचा कंटाळा आहे तिला हा कोपरा आवडतो. राखाडी रंगवलेले दोन प्लायचे तुकडे पुरतात. शालू फुलारलेला असेल तर मात्र करू नका, सगळं चुरगळतं. रिसेप्शनच्या साडीवर चालतं.

सोन्याबद्दल एक गोष्ट छायाचित्रणाच्या शाळेतही नीट सांगत नाहीत. मऊ उजेडात त्वचा सुंदर दिसते, पण सोनं मरतं. दागिना चमकायला लहान, कडक उजेडाचा ठिपका लागतो. 1930 च्या दशकात हॉलिवूडच्या नट्यांची छायाचित्रं काढणारे जॉर्ज हरेल यांचा सगळा झगमगाट अशा कडक स्पॉटवर उभा होता. ‘एकच निर्णय’ या नियमाला इथे एवढी सूट घ्या: खिडकीचा उजेड तसाच ठेवून बहिणीच्या हातात एक छोटी एलईडी टॉर्च द्या, दूरवरून, फक्त नथीकडे. झालं.

एक्स्पोजरकडे वळते. लाल शालूत लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा भाग) सर्वांत आधी फाटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात. एकत्र हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि शालू मात्र एकसंध लाल गोळा होतो. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहा. हळदीनंतर त्वचा दोन दिवस पिवळसर राहते, तेव्हा व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसण्यासाठीची सेटिंग) चेहऱ्यावरून न घेता राखाडी कार्डावरून घ्या. मडगाव-म्हापशाकडे ख्रिस्ती लग्न मिळालं तर उलटा प्रश्न येतो. पांढऱ्या गाऊनने चौकट भरली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला राखाडी करायला बघतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा आणि लेसवर नजर ठेवा.

सराव लग्नात करायचा नसतो. घरची बहीण, शेजारची वहिनी, कुणीही, त्याच वेळेला, तशाच खिडकीपाशी. सकाळी दहाचा उजेड आणि गोरज मुहूर्ताचा उजेड सारखा नसतो, आणि कार्तिकातलं आकाश वैशाखातल्यासारखं नसतं. चातुर्मासात लग्नं नसतात, हाच अभ्यासाचा काळ. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश म्हणजे दिवसभर उघडी असलेली उत्तरेची खिडकी. फक्त कॅमेऱ्याची बॅग सिलिका जेलशिवाय ठेवू नका. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. एसी खोलीतून थेट मंडपात आलात तर काच धुरकट होते, तेव्हा बॅग बंदच ठेवून कॅमेऱ्याला थोडा वेळ बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या.

गाभाऱ्याच्या आसपास कॅमेरा काढण्याआधी देवस्थान समितीला विचारा. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. कॅमेरॉनबाईंची चित्रं स्वामित्व हक्काच्या पलीकडे गेली आहेत. पेन यांची नाहीत, त्यामुळे त्यांची मूळ चित्रं तुमच्या जाहिरातीत वापरू नका. उजेडाची कल्पना उचलायला कुणाची हरकत नसते. फोटोखाली ‘ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चित्रावरून’ असं लिहायला संकोच करू नका. ग्राहक त्याने कमी होत नाही, उलट तुम्ही काही पाहिलंय हे कळतं. आणि वधूचा फोटो कुठेही टाकण्याआधी परवानगी तिचीच घ्या, वडिलांची नव्हे, आणि लेखी. लग्नाच्या धावपळीत मागू नका. अल्बमची निवड करायला ती येते तेव्हा ती प्रिंट, मॅट कागदावर काढलेली, समोर ठेवा आणि तेव्हा विचारा. नाही म्हणाली तर ती प्रिंट तिलाच द्या.